आनंदाच्या बारा ओळी

॥ श्री ॥
नवीन वसाहत
गुरुवार, दि. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. गुणाबाईस,
धाकट्या रंजीताचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं एक पत्र माझ्याकडे बाकी होतं, ते आज चुकतं करते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत आहे, कागद चांगला गुळगुळीत असतो. पानं उलटसुलट झाली तर मार्चपासून सुरुवात आहे हे ध्यानात ठेव.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. घरात फोन एकच, तो यांच्या खिशात, आणि हे गेटवर ड्युटीला. घरी असले की स्पीकरवर टाकतात, मग आजूबाजूची चार घरं आपली खुशाली ऐकतात. तुझ्या गावात तर टेकडी चढल्याशिवाय आवाज पोचत नाही. त्यापेक्षा लच्छूभाऊंची बांगड्यांची पेटी बरी. रविवारी आमच्या बाजारात, शुक्रवारी तुमच्या. बांगड्या फुटतात कधी कधी, पत्र फुटत नाही.

आता खरी बातमी. खाण कंपनीच्या ऑफिसातल्या दीपिका मॅडम आमच्या बचत गटाच्या बैठकीला आल्या होत्या. वसाहतीत इंग्रजी वाचता येणारी बाई कोण, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण गटाचं रजिस्टर माझ्याकडे. मॅट्रिकला इंग्रजीत एकसष्ट मार्क होते हे मीच सांगून टाकलं. सांगायला नको होतं. कंपनी एक फिल्म काढते आहे, त्यात मला इंग्रजीतून बोलायचं आहे. विषय एकच, आम्ही किती आनंदात आहोत.

त्यांनी बारा ओळींचा कागद दिला आहे, खाली मराठी अर्थ. तुला हसायला म्हणून थोड्या उतरवते. चंद्राच्या वर असणे. सातव्या स्वर्गात असणे. नवव्या ढगावर असणे (पहिले आठ कोणासाठी ते लिहिलेलं नाही). हवेवर चालणे. दोन शेपट्या असलेल्या कुत्र्यासारखं असणे. भरतीच्या पाण्यातल्या शिंपल्यासारखं असणे. चिखलातल्या डुकरासारखं असणे. हे सगळं आनंदाचंच आहे बरं का. मी दोनदा विचारून घेतलं.

यांना फार अभिमान वाटला. गेटवरच्या सगळ्यांना सांगून आले.

मी मात्र विचारात पडले की आपल्याकडे काय म्हणतात. बाबांना आनंद झाला की ते बैलांना पुन्हा अंघोळ घालायचे. एकदा सकाळी घातलेली असली तरी. आईला कोणी विचारलं तर ती बरं आहे म्हणायची आणि घरात येऊन आपल्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायची. एवढ्या मोठ्यानं सांगायचा आनंद आपल्या घरात कोणाला झालाच नाही की झाला आणि गिळला? तुला आठवत असेल तर कळव.

मुखरूभाऊजींना नमस्कार. आपला लोभ लोणच्यासारखा मुरत राहो, ही विनंती.

तुझी,
रंजीता

*

येरमटोला
शुक्रवार, १७ जानेवारी

चि. सौ. रंजीताले मोठ्या बाईचे लय लय आशीर्वाद.

तुहं पत्र बाजारातच फोडून वाचलं. लच्छूभाऊ बसून हाये, म्हणते बाई लवकर लिवा, बस सुटंल. म्हून त्याच्याच पेटीवर कागद ठेवून लिवून राह्यली. अक्षराले हासू नको. मी सातवी, तू म्याट्रिक.

दोन शेपट्याच्या कुत्र्यावर तं मी अशी हासली, का बांगड्या घेणाऱ्या बाया पाहू लागल्या. एक शेपूट सांभाळता सांभाळता आमचं कुत्रं गोल गोल फिरते, त्याले दुसरी कोणी देल्ली तं मरंल ना बिचारं. अन् डुकराचं म्हणशीन तं इंग्रजाले अक्कल हाये. रोवण्याच्या दिवसात आपण दोघी कंबरेएवढ्या चिखलात काय करत होतो वं? गाणेच म्हणत होतो का नाई?

आता हासणं पुरे. रंजीता, आमच्या गावात बी कंपनीची जीप येऊन गेली. नाल्यापासून मातामायच्या झाडापर्यंत पांढरे दगड गाडले. सोळा फेब्रुवारीले ग्रामसभा हाये. गावानं हो म्हटलं तं जमिनी जातीन, घरं जातीन, आमी बी तुमच्यासारखे वसाहतीत. कंपनीचा साहेब सांगून गेला, का सभेत तुमाले फिल्म दाखवू, वसाहतीतली बाई सोता बोलते, इंग्रजीत बोलते, इतकी सुधारली. तवा मले वाटलं असंल कोणी. आता समजलं का तूच होय.

तुहे भाऊजी हो म्हणाले तयार हायेत. म्हणतात पक्कं घर, नळ, नोकरी. सारं गाव मले विचारते, का तुही बहीण तिथी हाये, तिले विचार. दोन वर्सं झाले, तू पत्रात सणवार लिवते, भाजीचा भाव लिवते, घराचं एक अक्षर लिवत नाई. खरं काय ते लिव. माहा हात वर जाईन का खाली राहीन, ते तुह्यावर हाये.

बस आली. माया असू दे, बाकी काई नको.

गुणाबाई

*

॥ श्री ॥
नवीन वसाहत
बुधवार, दि. २२ जानेवारी

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापाशी ठेवलं आणि तीन दिवस उचललं नाही. आज हे दुपारपाळीला गेले तेव्हा लिहायला बसले.

फिल्म कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. पाहुण्यांना दाखवायची असेल असं वाटलं होतं. तुळशीची शपथ.

खरं विचारतेस तर घर पक्कं आहे. भिंती पावसाळ्यात घामेजतात. फरशीवर शेणाचा सडा धरत नाही म्हणून सणालाही पुसूनच घेते. गोठ्याला जागा नाही म्हणून बैल तेव्हाच विकले, ते तुला माहीत आहे. विकल्यावर हे आठ दिवस पहाटे उठून बसायचे आणि उठलो कशाला ते आठवेना म्हणून पुन्हा आडवे व्हायचे, ते माहीत नाही. नळ आहे, पाणी टँकरचं. खिडक्या मोठ्या आहेत, पण उघडता येत नाहीत. काळी धूळ येते. तुळशीची पानं रोज सकाळी भांड्यांसारखी धुते तेव्हा हिरवी दिसतात.

वसाहतीला एकच गेट. बाहेर जायचं तर रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कुठे चाललो ते लिहावं लागतं. गेटवर हेच. तेव्हा माझं नाव हे लिहितात, कुठे जातेस ते मला विचारून. पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो होतो. आता विचारताना हे रजिस्टरकडे पाहतात आणि सांगताना मी चपलांकडे.

जुनं गाव कुंपणाच्या आत गेलं. तिथल्या मातामाय देवीचं ठाणं अजून आहे म्हणतात, खाणीच्या अगदी काठावर. दोन वर्षांत तिला हळदीकुंकू लावायला सोडलं नाही.

हे आजवर का लिहिलं नाही, तर घराचा कागद अजून आमच्या नावावर झालेला नाही, आणि यांचं काम कंत्राटावर. दर सहा महिन्यांनी नवीन सही. वसाहतीत कोणी तक्रार केली की पुढची सही होत नाही, असं दोघांचं झालेलं आहे. आमची मयुरी ब्रह्मपुरीला वसतिगृहात राहून शिकते ती या कामावरच.

आता रोज सांजवातीनंतर हे माझी तालीम घेतात. यांना इंग्रजी कळत नाही, म्हणून शब्द तपासत नाहीत, तोंड तपासतात. हसू मधेच उतरलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात. काल नवव्या ढगावर तीनदा चढून उतरले. मी बोलणार नाही म्हटलं तर हे रागावले नाहीत. नुसते म्हणाले की मग मी कुठे जाऊ ते सांग. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

एक गोष्ट त्या बारा ओळी पाठ करताना ध्यानात आली. या इंग्रजांचा आनंद चंद्रावर, ढगात, स्वर्गात, हवेत. माणूस जमिनीवरून उचलला गेल्याशिवाय त्याला आनंद होतच नाही जणू. मातीतला एक तो डुकराचा, मी मॅडमना म्हटलं की मला तेवढा द्या, तो मला खरा वाटेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ताई, बायकांच्या तोंडी तो शोभत नाही. पोरगी चांगली आहे. चंद्रपूरचीच आहे. तिलाही वरून कागद येतो.

बाई, हे सगळं तुझ्यासाठी लिहिलं आहे, गावासाठी नाही. भाऊजींनासुद्धा दाखवू नकोस. माझं नाव निघालं तर आमचं घर उठेल. तू मोठी आहेस, तूच सांभाळ.

लोभ आहे तो या वेळी झाकून ठेवावा.

तुझी,
रंजीता

*

येरमटोला
शुक्रवार, ३१ जानेवारी

चि. सौ. रंजीताले आशीर्वाद.

वा वं म्याट्रिक. खरं सांगतलं अन् वरतून माहं तोंड शिवलं. आता हे खरं मी कुठी ठेवू? कणगीत धानाखाली ठेवलं हाये, अन् धान काढाले गेली का वाटते तेच हातात येईन.

तुहे भाऊजी राती जेवता जेवता घराचा नकाशा काढतात भाताच्या शितानं. इथी सैपाकखोली, इथी न्हाणी. मी म्हटलं, का अन् बैल कुठी? तं म्हणतात, साहेबानं बैलाचं काई सांगतलं नाई. मी एवढंच बोलली. तुहं नाव नाई घेतलं, गळ्याची आन.

मी सभेत उठून बोलली तं लोक म्हणतीन पुरावा दाखव. पुरावा म्हंजे तुहं पत्र. तिकडं पडद्यावर तू हासत असशीन, अन् इकडं मी तुहं रडगाणं वाचीन? ते मी करणार नाई. जावयाची नोकरी माह्या हातानं नाई जाणार. तवा सभेत मी मुकी बसीन, गाव हो म्हणंल, अन् पुढच्या साली दोघी बहिणी एकाच गेटवर नाव लिवू. मले तेच दिसून राह्यलं.

एकच म्हणते तुले. जे बोलाले लावतीन ते बोल, पोटासाठी बोलाच लागते. पण देवीले इचारून बोल. आपण ज्यापाशी खोटं बोललो नाई असं तेवढंच एक ठिकाण उरलं हाये.

रागावली म्हून माया कमी झाली असं समजू नको, जास्तच होते.

गुणाबाई

*

॥ श्री ॥
नवीन वसाहत
शुक्रवार, दि. ७ फेब्रुवारी

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

काल फिल्म झाली. जसं घडलं तसं लिहिते.

तू लिहिलंस म्हणून मी मॅडमना सांगितलं, की आमच्यात एवढा मोठा आनंद बोलून दाखवण्याआधी मातामायला हळदीकुंकू लावतात. असं काही आमच्यात नाही. पण मला खोटं बोलण्याआधी तिची क्षमा मागायची होती, आणि एकदा पाहायचं होतं. मॅडमनी मुंबईहून आलेल्या फोटोवाल्यांना विचारलं. त्यांना कल्पना फारच आवडली. शेंदराचा दगड, हिरवं लुगडं, इंग्रजी बोलणारी बाई, असं एका चित्रात येईल म्हणाले.

कुंपणाचं फाटक यांनीच उघडलं. मी माझं नाव आणि कुठे ते सांगितलं. यांनी लिहिलं नाही.

बाई, गाव नाही. पाटलाची विहीर नाही, शाळा नाही, आमच्या वाडीतलं एकही झाड नाही. एक मोठा खड्डा आहे, इतका खोल की तळातले ट्रक मुंग्यांसारखे दिसतात. त्याच्या काठावर मातामाय आणि तिच्यामागचा कडुनिंब. तिच्या अंगावर बोटभर काळी धूळ. मी पदरानं पुसलं, कुंकू लावलं, आणि क्षमा मागायला हात जोडले तर एक शब्द आठवेना. तिच्याकडे पाहून मला वाटलं, क्षमा ती माझ्याजवळ मागते आहे.

मागून आवाज आला की बोला ताई, कॅमेरा सुरू आहे. उठताना माझा हात निंबाच्या डहाळीला गेला. मी पाला तोडला, चावला, गडव्यातलं पाणी तोंडात घेऊन चूळ भरली आणि पायांवर पाणी घेतलं. ठरवलं नव्हतं. आई गेली तेव्हा घाटावरून आल्यावर दारातच तू माझ्या हातावर पाला ठेवला होतास आणि चाव म्हणून ओरडली होतीस, तसं कोणीतरी म्हटल्यासारखं झालं. मयतीहून परतताना जे करतो ते सगळं मी केलं, आणि मग वळून हसून चंद्राची ओळ म्हटली, ढगाची म्हटली, हवेवर चालण्याची म्हटली. एकही चुकली नाही. हसू उतरलं नाही. तोंड कडू होतं तरी उतरलं नाही.

फोटोवाल्यांनी पाल्याचं विचारलं. मी बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, की पाडव्याला कडुनिंबाचा प्रसाद खातात तसंच हे, शुभ असतं, ठेवा ते चित्रात. बाई, ती चंद्रपूरची मुलगी आहे. तिला माहीत नाही असं होणं नाही. परत येताना जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली आणि सगळा वेळ बाहेर पाहत होती.

हे फाटकाशी उभे होते. यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. रात्री तालीम नव्हती, तरी त्या वेळेला दोघंही आपापल्या जागी येऊन बसलो.

पाला चित्रात ठेवतील की कापतील कोण जाणे. ठेवला तर आमचं काय होईल तेही कोण जाणे. तू कोणाला काही सांगू नकोस. लोभ असावा, आणि थोडा धीरही पाठवावा.

तुझी,
रंजीता

*

येरमटोला
सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. सौ. रंजीताले लाख आशीर्वाद.

काल सभा झाली. मी आदी कोणाले एक शब्द नाई बोलली. चावडीपुढं पांढरं कापड बांधलं होतं. सारं गाव. साहेब सांगे, का बाई चांगली शिकली-सवरली, आयका.

तू दिसली. वाळली वं तू. भाऊजी माह्या कानात म्हणाले, रंजीता होय ना? मंग तू देवी पुसली. मंग पाला तोडला.

रंजीता, आमच्या सोमारी बुढीले तू ओळखतेस, ऐंशी वर्साची, गावातल्या सगळ्या बाळंतिणी अन् सगळे मुर्दे तिच्याच हातचे. तू चूळ भरली, पायावर पाणी घेतलं, तशी ती काठी टेकून उभी झाली अन् साहेबाले इचारलं, का कोण मेलं? साहेब म्हणे कोणी नाई माय, बाई खुशीत हाये, वाचा, खाली लिवलं हाये. मास्तरानं मोठ्यानं वाचलं, मी चंद्राच्या वर आहे, मी ढगावर आहे, माझे पाय जमिनीला लागत नाहीत. सोमारी म्हणे, तेच इचारून राह्यली बापा, सांगून काऊन नाई राह्यला? कोणीच हासलं नाई. साहेब हासला, एकटाच.

मंग बुढी म्हणे, गाव मेलं तिचं. मयत पाह्यली, आता अंघोळ केल्याबिगर कोणत्या कागदाले हात लावू नये. अन् चालली नाल्याकडं. तिच्यामागं बाया उठल्या. मी बी उठली. मंग माणसं. साहेब लाऊडस्पीकरवर हाका मारून राह्यला, अन् सारं गाव नाल्यात, कपड्यासकट, माघाच्या पाण्यात कुडकुडत. तुहे भाऊजी डुबकी मारून उठले तं त्यायच्या डोळ्यातलं कोणतं पाणी ते समजे नाई.

वल्ल्या लुगड्यानं परत येऊन बसलो. हात वर करा म्हटलं. चार हात वर गेले. भाऊजीचा खाली होता. माहा तं मांडीखाली दाबून ठेवला होता. गावानं नाई म्हटलं.

साहेब जाता जाता संगच्या माणसाले तुहं नाव लिवून घ्याले सांगत होता. मी आयकलं. आमी वाचलो, तुमचं काय केलं आमी? लगेच लिव. गोड लिवू नको.

आता लोभ तू आमच्यावर ठेवाचा, आमी मागाचा.

गुणाबाई

*

॥ श्री ॥
नवीन वसाहत
मंगळवार, दि. २५ फेब्रुवारी

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

गोड लिहीत नाही. एक मार्चपासून यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आहे. कारण दिलं नाही. घराच्या कागदाचं विचारायला गेले तर तो साहेब रजेवर आहे, आणि कधी येणार ते सांगणारा साहेबही रजेवर आहे. दीपिका मॅडमची बदली झाली. जाताना भेटल्या नाहीत, पण बारा ओळींचा कागद परत मागून घ्यायला माणूस आला, त्याच्या हाती त्यांनी माझ्यासाठी कुंकवाची डबी पाठवली होती.

वसाहतीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. समोरून बोलत नाहीत, म्हणजे. काल टँकरपाशी माझी घागर भरून कोणीतरी आमच्या ओट्यावर ठेवून गेलं. कोण ते मी विचारलं नाही.

मला वाटलं होतं हे मला बोलतील. मी तयारीही केली होती, काय काय म्हणतील आणि त्यावर मी काय म्हणेन. दोन दिवस हे नुसते खाटेवर बसून होते. तू काहीच केलं नाहीस बाई, पाला मी चावला. दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तुमचं गाव जागेवर आहे, एवढं जपाला बसल्यावर आठवतं आणि माळ पुढे सरकते. आमचं काय ते मला आज दिसत नाही. गेट तेच आहे. आता रजिस्टरवर दुसरा माणूस येईल आणि कुठे चाललात म्हणून मला विचारेल.

आत्ता हे उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. पत्रात जागा उरली आहे का विचारतात. लग्नाला तेवीस वर्षं झाली, यांनी कोणाला पत्र लिहिलेलं मी पाहिलं नाही. कॅलेंडरचा अर्धा जून रिकामा आहे, तो देते आणि चुलीकडे जाते.

लोभ सगळ्यांचा सगळ्यांवर राहो.

तुझी,
रंजीता

मोठ्या बाईले देवाजीचा रामराम. अक्षर गेटच्या रजिस्टरसारखं आहे, माफी असावी. तुमच्या गावात कोणाची धानाची जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं, मिळत असन तर कळवावं. दोन-तीन एकर पुरे. बैल नाहीत, पण मले अजून नांगर धरता येते. राह्यले घर नसन तर गोठा चालन. मुखरूभाऊले विचारावं आणि ते नाही म्हणाले तरी कळवावं. रंजीताले मी हे बोललो नाही, माझ्यानं बोलणं झालं नाही. पाकीट बंद करताना ती वाचन, तेव्हा तिले समजन.

ता. क.
वाचलं. खळ लावून बंद करते आहे. लच्छूभाऊंची वाट पाहत नाही, उद्या सकाळी आम्ही दोघं पोस्टात जाऊन टाकतो.